दिवा लागला की हसायचं

हसणं हा आपला पोटापाण्याचा धंदा आहे असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "खरंच?" मावशींना या प्रश्नाची इतकी सवय झाली होती की उत्तर म्हणून त्या नुसतं हसून दाखवायच्या. समोरच्याची लगेच खात्री पटायची, कारण ते हसू त्याने टीव्हीवर शंभरदा ऐकलेलं असायचं. आधी घशाच्या तळाशी घुटमळणारं, मग पायऱ्या चढत वर जाणारं, आणि दम संपला की शेवटी उचकीसारखा एक श्वास. त्या उचकीला तर लोकांची हसून मुरकुंडी वळायची. स्टुडिओत सगळे त्यांना हसूमावशीच म्हणत, आणि खरं नाव विचारलं असतं तर पगार देणाऱ्यालाही ते आठवलं नसतं.

काम असं होतं. समोर रंगमंच, आणि इकडे चढत्या बाकांवर प्रेक्षक. त्यांतले काही हौसेने आलेले, काही हसण्यासाठी पैसे देऊन आणलेले. बाजूच्या खांबावर लाल दिवा. विनोद झाला की फ्लोअर मॅनेजर बटण दाबायचा, दिवा लागायचा आणि मधल्या रांगेत, टांगलेल्या माईकच्या बरोबर खाली बसलेल्या मावशी सुरुवात करायच्या. हसण्याचं जांभईसारखंच असतं. एकाला आलं की शेजाऱ्याला येतं, आणि शेजाऱ्याला आलं की सगळा हॉल खदखदू लागतो. पहिली ठिणगी तेवढी लागते, आणि ती मावशींइतकी बिनचूक कुणालाच टाकता येत नव्हती.

यात एक गोम होती. एकच विनोद चार-चार वेळा व्हायचा. कधी नट अडखळायचा, कधी कॅमेरा अडायचा, कधी कुणाची खोटी मिशी गळून पडायची. मन लावून ऐकलं तर तिसऱ्या वेळी कुणाच्या बापाला हसू येणार? म्हणून मावशी ऐकतच नसत. नवीन मुलींनाही त्या हेच शिकवायच्या. "कान मिटायचे, डोळा दिव्यावर ठेवायचा, आणि हसायचं ते पोटातून. गळ्यातून हसलीस तर मला तरी लगेच कळतं." पुढे पुढे त्यांना दिव्याचीही गरज उरली नाही. नट वाक्य टाकून किंचित थांबला, की त्या थांबण्यात त्यांचं हसू आपसूक जाऊन पडायचं. मनात तेव्हा संध्याकाळची भाजी चाललेली असायची, नाहीतर गळका नळ.

म्हणजे बघा, कशाला हसायचं हे घराघराला शिकवणाऱ्या बाईला आपण कशाला हसलो याचा पत्ताच नसे. आणि तिला तो कधी हवाही नव्हता. नवरा लवकर गेला, लेक लहान होती, आणि या हसण्यावरच लेक वाढली, शिकली, नर्स झाली. मोठ्या इस्पितळात लागली. अजून नोकरीत कायम व्हायची होती, वर्षभराचं काम बघून ठरवणार होते. मावशींच्या मते आता त्यांचं सगळं सोन्यासारखं झालं होतं.

एका संध्याकाळी लेक ड्युटीवरून आली आणि जेवताना डाव्या हाताने जेवू लागली. मावशींनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिचा उजवा हात ओढून बाही वर केली. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"कुणी केलं हे?"

लेकीने ताटातून मान वर केली नाही. "आमचे मोठे सर्जन. चादरींच्या खोलीत गेले होते मी. मागून आले आणि मनगट धरलं. सोडा म्हटलं तर सोडेनात. वर म्हणतात, हात सोडू नका सिस्टर, ताप उतरेल! दारात दोन वॉर्डबॉय उभे होते. ते हसायला लागले. मग सरांनी आणखी घट्ट धरलं."

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या काही बोलणार तोच पलंगावरून वन्सं बोलल्या. नवऱ्याची ही विधवा बहीण त्यांच्याकडेच राहायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचा सगळा दिवस टीव्हीपुढे जायचा.

"अगं, ते तर कार्यक्रमातलं वाक्य आहे! तो तापाचा पेशंट नाही का, नर्सच्या मागे लागणारा? इतकं फक्कड काम करतो मेला." वन्संना सांगतानाच हसू फुटलं. "गंमत केली असेल गं त्यांनी. एवढा मोठा माणूस आपल्याशी गंमत करतो म्हणजे काय वाईट आहे? तू पण एवढंसं तोंड करून बसतेस."

"आत्या, हात बघ माझा."

"बघितला. तुझं कातडंच नाजूक आहे, लहानपणापासून. विचार वहिनीला."

लेक ताटावरून उठली. हात धुताना पाठमोरीच म्हणाली, "मी तक्रार दिली आहे. कमिटी बसणार आहे. घरचं एक माणूस बरोबर चालतं म्हणाले. आई, तू येशील?"

"येईन म्हणजे काय! मी त्यांना चांगली..."

"आई," लेक वळली, "त्या वाक्यावर कोण हसतं ते तुला माहीत आहे ना?"

मावशींना खरंच माहीत नव्हतं. लेकीने फोन पुढे केला. तापाचा पेशंट खाटेवर, पांढऱ्या कपड्यांतली घट्ट बांध्याची नटी बाजूला, त्याने मनगट धरलं, वाक्य टाकलं, थांबला, आणि मग ते आलं. घुटमळणारं, पायऱ्या चढणारं, आणि शेवटी उचकी. मावशींनी फोन उलटा करून ठेवला.

"वॉर्डात सगळ्यांच्या फोनवर आहे हे," लेक म्हणाली. "मी ताप बघायला खाटेजवळ गेले की पेशंटचे नातेवाईक लावतात. लिफ्टमध्ये लावतात. कुणीही मला ते वाक्य म्हणतो आणि मागून तू हसतेस. दिवसभर, आई. मी तुला घेऊनच वॉर्डात फिरते."

"मला नव्हतं गं माहीत. मी ऐकत नाही काही. दिवा लागला की..."

"तू तिथे समोर बसली होतीस!"

खरं होतं ते इतकं खुळचट होतं की पोटच्या पोरीलाही पटेना.

त्यानंतर मावशींना ते वाक्य जिथे तिथे भेटू लागलं. आधीही ते तिथेच असणार, पण त्यांचे कान मिटलेले होते. बसचा कंडक्टर तिकीट देताना एका मुलीला तेच म्हणाला आणि ती कसनुसं हसली. औषधाच्या दुकानात, बँकेच्या रांगेत तेच. जिन्यात शेजारच्या दोन चिमुरड्या दवाखाना-दवाखाना खेळत होत्या. एकीने डोक्याला रुमाल बांधला होता, दुसरी पायरीवर आडवी झाली होती. आडवीने रुमालवालीचं मनगट धरलं आणि घोगरा आवाज काढून वाक्य म्हटलं. मग दोघी थांबल्या, आणि दोघींनी मिळून मावशींचं हसू हसून दाखवलं, उचकीसकट. रुमालवालीने हात सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. नर्सने गप्प उभं राहायचं असतं, एवढा खेळाचा नियम तिला पाठ होता.

"मावशी, छान जमलं का?" पोरींनी विचारलं. मावशी वर गेल्या आणि दार लावून घेतलं.

इस्पितळात लेकीची कोंडी सुरू झाली होती. तिच्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळे गोड बोलायचे. "अगं, सर गमत्ये आहेत." "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं." "हसतमुख नर्स पेशंटला आवडते." हेडसिस्टरने तर जवळ बसवून सांगितलं की आमच्या वेळी याहून वाईट विनोद असायचे, आम्ही हसून सोडून दिलं म्हणून टिकलो. वॉर्ड बदलून मागितला, तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत बदलता येत नाही, हे उत्तर आलं. म्हणजे रोज त्याच सर्जनच्या हाताखाली, त्याच चादरींच्या खोलीत. निकाल उलटा लागला तर कायम होणं विसरायचं, आणि झालीच कायम तर याच माणसापाशी कायम. लेक रात्रंदिवस मनगटाला हात लावून बसायची.

मग मावशी स्टुडिओत आवाजवाल्याकडे गेल्या. हा त्यांचा जुना ओळखीचा. बिनखिडकीच्या, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत तो कॉम्प्युटरपुढे बसून कार्यक्रमाचे आवाज जुळवायचा.

"हसूमावशी! आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"मला तो तापाच्या पेशंटचा तुकडा दाखव. आणि त्यातलं माझं हसू काढून दाखव."

"हसू काढून? मग राहील काय त्यात?" तो हसला, पण त्याने एक बटण दाबून तुकडा दाखवला.

खोलीत आधीच बाहेरचा आवाज येत नसे. त्या शांततेत पडद्यावर एका पुरुषाने एका बाईचं मनगट धरलं. ती चादरीची घडी घालत होती. घडी अर्धी राहिली. "हात सोडू नका सिस्टर, ताप उतरेल," तो म्हणाला. मावशींनी पहिल्यांदाच ते वाक्य नीट ऐकलं. हात धरला होता त्याने, आणि सोडू नका म्हणत होता तिला. मग तो थांबला, आणि जिथे एरवी हसू असायचं तिथे नटी काहीतरी बोलली. हळू, पण स्पष्ट. "सोडा," ती म्हणाली. "दुखतंय. सोडा."

"हे काय? हे कधी होतं?" मावशींनी विचारलं.

"होतंच की. हशाखाली जातं ते. ऐकू येत नाही कुणाला."

मावशींना बसवेना, पण त्या छोट्याशा खोलीत उभं राहायलाही जागा नव्हती. "हे माझं हसू काढून टाक बाबा," त्या म्हणाल्या. "मी पाया पडते तुझ्या. माझ्या लेकीच्या जिवावर उठलंय ते."

आवाजवाला वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची वळवली आणि समजावून सांगितलं. "मावशी, कुठून कुठून काढू? तुमचं हसू आम्ही केव्हाच कापून ठेवलंय. छोटं, मध्यम, मोठं, उचकीचं, बिनउचकीचं. प्रेक्षक थंड असले की खाली तेच घालतो. दुसऱ्या कार्यक्रमांना दिलंय, जाहिरातीला दिलंय. लोकांनी फोनवर घेतलंय ते वेगळंच. तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी तुम्ही हसतच राहणार."

"आणि हे वाक्य कुणी लिहिलं?"

"लेखकाने. पण त्याने तरी कुठे मनाने लिहिलंय? जुन्या एका कार्यक्रमात होतं, तिथून उचललं. तो म्हणाला, तेव्हा या वाक्यावर एक बाई पोट धरधरून हसली होती, म्हणजे चालणार हे." आवाजवाल्याने नजर चुकवली. "त्या पण तुम्हीच."

मावशी बाहेर पडल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं. कमिटीपुढे उभं राहायचं आणि सांगायचं की ते हसू माझं आहे, विकत घेतलेलं आहे, आणि त्याच्याखाली एक बाई सोडा म्हणते आहे. माझी लेकही सोडा म्हणाली होती. एवढी चार वाक्यं. घरी त्यांनी ती आरशापुढे म्हणून पाहिली, आणि लेकीलाही म्हणून दाखवली. लेक कितीतरी दिवसांनी आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. "हे सांग, आई," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर ऐकतील. तुला सगळे ओळखतात."

कमिटीची खोली इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर होती. खिडक्या होत्या, पण एसीसाठी बंद केलेल्या. लांब टेबलापलीकडे अध्यक्षबाई, शेजारी इस्पितळाचे वकील, आणि एक निवृत्त डॉक्टर. सर्जन बाजूच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले होते. चांगले देखणे, मऊ आवाजाचे. मावशी आत आल्या तसे उठून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. लेक भिंतीलगत बसली.

"अगं बाई, या तर त्या हसणाऱ्या!" समोरच्या कागदावर मावशींचं काम वाचून अध्यक्षबाई खुलल्या. "आमच्या घरी सासूबाई तुमच्याशिवाय जेवत नाहीत."

"मॅडम, मला त्याचबद्दल बोलायचं होतं," मावशी म्हणाल्या. "ते जे हसू..."

"बोला ना, पण क्रमाने," वकील म्हणाले. "मुलीचं म्हणणं झालंय. आधी डॉक्टरांचं ऐकू, मग तुम्ही."

सर्जन घसा खाकरून बोलू लागले. आपल्याला वाईट वाटतंय म्हणाले. नर्स मंडळी आपल्याला मुलींसारखी आहेत म्हणाले. वॉर्डात दिवसभर रक्त आणि रडारड, कुणीतरी हलकंफुलकं करायला नको का? "काय घडलं ते मी जसंच्या तसं करून दाखवतो. तुम्हीच ठरवा यात काय होतं." त्यांनी हात पुढे केला, हवेतलं एक मनगट धरलं, आवाज किंचित घोगरा केला. "हात सोडू नका सिस्टर, ताप उतरेल."

आणि ते थांबले. अगदी त्या नटासारखे.

मावशी मनात आपली चार वाक्यं घोकत होत्या. त्या ऐकत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांनी कामाच्या जागी कधी ऐकलंच नव्हतं. ते थांबणं आलं आणि हसू पोटातून उठलं, घशात घुटमळलं, पायऱ्या चढत गेलं. त्यांनी तोंडावर हात दाबला तोवर फार उशीर झाला होता. उचकीसुद्धा येऊन गेली.

वकील हसत सुटले. निवृत्त डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. अध्यक्षबाईंनी पदराने तोंड झाकलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"मावशी," सर्जन हात जोडून म्हणाले, "तुम्ही तरी समजून घेतलंत."

"नाही! नाही हो, ते हसू नाही," मावशी म्हणाल्या. "ते माझं काम आहे. मला हसू आलं नाही. कुणी थांबलं की मी हसते."

टेबलापलीकडे पुन्हा हशा पिकला.

"मॅडम, ऐका, मी खोटं हसते. पगारी हसते. दिवा लागला की हसते, नाही लागला तरी हसते..." जसजशा त्या समजावू लागल्या तसतसं ते सगळे आणखी हसू लागले. वकिलांनी तर टेबलावर थाप मारली. नटाने पाठ केलेल्या कुठल्याही वाक्यावर आजवर पडला नसेल असा तो हशा मावशींच्या एकेका खऱ्या शब्दावर पडत होता. आवाज चढवावा तर हशा चढायचा. रडू आलं तर त्यालाही हसले. "खाली एक बाई सोडा म्हणते, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि तेही त्या हशाखाली गेलं.

शेवटी अध्यक्षबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि मोठ्या मायेने लेकीकडे वळल्या. "बघ बाई, तुझी आईच हसतेय. आणि तू एवढं तोंड पाडून बसली आहेस. इथं कुणी तुझं वैरी नाही. डॉक्टर चुकले असतील तर सॉरी म्हणतील. म्हणाल ना हो? चल, हस बघू एकदा. मग आपण सगळं विसरून जाऊ."

खोली थांबली. सगळे लेकीकडे पाहत होते. सर्जन किंचित पुढे वाकून पाहत होते. लेकीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मावशींनी तो सोसला असता, पण राग नव्हता. वर्षभराचं काम, तोच वॉर्ड, तीच खोली, आणि दाराशी उभी असलेली सगळी हसरी माणसं, असं सगळं त्या नजरेतून एकदा फिरून गेलं आणि मग तिथे काही उरलं नाही.

लेक हसली.

"हां! असं," अध्यक्षबाई म्हणाल्या. वकिलांनी फाईल मिटली. सर्जन उठले आणि जाता जाता लेकीच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

ते हसू गळ्यातलं होतं. पोटाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. असं हसणाऱ्या मुलीला मावशी स्टुडिओतून पहिल्याच दिवशी परत पाठवत असत. ते खोटं आहे हे ओळखणारं त्या खोलीत एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने आता तोंड उघडलं असतं तर सगळे पुन्हा हसले असते.